'व्हॅल्यू शेप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "मुलांच्या चित्रकला शिबिरासाठी एक इंग्रजी टिपण मराठीत करतेय. 'रेफरन्स इमेज सिम्प्लिफाय करून स्ट्राँग व्हॅल्यू शेप्समध्ये आणा' याचं मी 'संदर्भ प्रतिमा सुलभ करून सशक्त मूल्य आकारांत आणा' असं केलं. नवरा म्हणाला, हे करखात्याचं परिपत्रक वाटतंय. योग्य शब्द कोणते?"

तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. 'मूल्य' म्हटलं की मराठी कानाला किंमत ऐकू येते, फार तर शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास. चित्रातली व्हॅल्यू म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती गडद, एवढंच. रंग कोणता, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि 'व्हॅल्यू शेप' म्हणजे सारख्याच उजळ किंवा सारख्याच गडद जागा मिळून झालेला एक आकार. रंग मोजायच्या मन्सेल पद्धतीत व्हॅल्यूची 0 ते 10 अशी शिडीच आहे. 0 म्हणजे काळा, 10 म्हणजे पांढरा.

मग 'छटा' का नको? साडीच्या दुकानात "यात अजून छटा दाखवा" म्हणून बघा. दुकानदार मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी असे रंगच उलगडत बसेल. 'छायाभेद' हा नेमका शब्द आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला तो समजावून सांगण्यात अर्धा तास जाईल. मी सरळ 'उजळ-गडद' हा जोडशब्द वापरीन. चित्रातल्या उजेड-अंधाराच्या खेळाला इटालियनमधून आलेला 'क्यारोस्कुरो' हा शब्द तरी दुसरं काय आहे? क्यारो म्हणजे उजळ, स्कुरो म्हणजे गडद.

तरी 'छटा'बद्दल एक गंमत सांगतो. संस्कृतात तिचा एक अर्थ झुपका, पुंजका असा आहे. सिंहाच्या आयाळीला 'सटाच्छटा' म्हटलेलं सापडतं. म्हणजे सुटे केस नव्हेत, सगळी आयाळ मिळून एक आकार. तुमच्या 'व्हॅल्यू शेप'ला हाच अर्थ हवा होता. आज तो कुणाला लागणार नाही, म्हणून सोडून द्यायचा, इतकंच.

'सशक्त' तर काढाच. आकार सशक्त नसतात, ठसठशीत असतात. आणि 'सिम्प्लिफाय'ला माझी पसंती 'ढोबळ करणे'. ढोबळ म्हणजे ओबडधोबड असं काहींना वाटेल, पण 'ढोबळ हिशेब' चुकीचा नसतो. त्यात फक्त चिल्लर सोडलेली असते. इथेही चिल्लरच सोडायची आहे.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचा भर दुपारचा फोटो समोर आहे असं धरा. डोळे किलकिले करून बघा. पायरीन् पायरी दिसेनाशी होते, पानं दिसेनाशी होतात. उरतात तीन तुकडे: आभाळ आणि पाण्यावरची चमक मिळून एक उजळ, उन्हातला दगडी घाट एक मधला, झाडी आणि तिची पडछाया मिळून एक गडद. झाडाखाली गडद लाल लुगडं नेसलेली बाई असेल तर ती झाडीत बुडून जाते. मोबाइलवर तोच फोटो काळा-पांढरा करून बघितला की खात्री पटते: लाल आणि हिरवा वेगळे, पण गडदपणा दोघांचा सारखाच. नवखा चित्रकार पायऱ्या मोजत बसतो तो हे न कळल्यामुळे. मीही पुष्कळ मोजल्या आहेत.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र आठवा (पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, पण तसं नाही). खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ते ओळखता येतं, कारण ज्योत, तिच्यावर धरलेला हात, चेहरा आणि पदराची उजळलेली बाजू हे सगळं मिळून एकच उजळ आकार होतो.

मराठीत असे उजेडाच्या आकारांचे शब्द मुळातच आहेत. 'कवडसा' म्हणजे नुसता उजेड नव्हे, जमिनीवर पडलेला त्याचा तुकडा. 'गर्द झाडी' म्हणताना काळोखी आणि दाटी एकाच शब्दात येतात. मुलांना समजावताना हे वापरा. 'व्हॅल्यू' आपोआप कळेल.

तुमचं वाक्य मी असं करीन: "फोटो डोळे किलकिले करून बघा आणि त्यातलं उजळ-गडद तीन-चार ढोबळ, ठसठशीत आकारांत बसवा." इंग्रजीपेक्षा काही शब्द जास्त झाले, पण कृतीही त्यातच सांगून झाली. आणि शिबिरात शिकवणारे सर "इथे एक डार्क मार" असंच म्हणणार असतील, तर त्यांना म्हणू द्या.