नवा स्पेशल, नवं स्पेशल की नवी स्पेशल?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय की स्टँडअपवाल्यांचे टीव्हीवर जे तासभराचे कार्यक्रम येतात त्यांना सगळेच 'स्पेशल' म्हणतात, तर मराठीत लिहिताना 'नवा स्पेशल' लिहायचं की 'नवं', आणि त्यापेक्षा सरळ 'एकपात्री' म्हटलं तर काय बिघडलं?

आधी एकपात्रीचं उरकतो. बिघडतं. एकपात्रीत नट एकच असला तरी पात्रं असतात, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ जण उभे करायचे. स्टँडअपवाला माइक धरून स्वतःच्याच नावाने बोलतो, सासरा आणला तरी स्वतःचा (खरा असो वा नसो). नुसतं 'कॉमेडियन'ही गोव्यात पुरत नाही, कारण तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) जाहिरातीत नटाच्या नावाआधीच 'कॉमेडियन' लावायची पद्धत आहे आणि ते ऐकलं की आपल्याकडे नाटकात विनोदी काम करणारा डोळ्यांपुढे येतो. तेव्हा स्टँडअप हा शब्द राहू दे.

आता स्पेशल. हा स्पेशल चहातला 'खास' नाही. अमेरिकन टीव्हीवर ठरलेल्या वेळी ठरलेल्या मालिका लागायच्या, मध्येच त्यांना बाजूला सारून एखादा वेगळा कार्यक्रम दाखवला की तो स्पेशल, म्हणजे अर्थ आपल्या विशेषांकाच्या जवळ जातो. एचबीओने १९७५ च्या अखेरीस रॉबर्ट क्लाइनचा कार्यक्रम दाखवला आणि तिथून स्टँडअपला हे नाव चिकटलं ते चिकटलंच, आता नेटफ्लिक्सवर मुळात वेळापत्रकच नाही तरी स्पेशल आहेतच.

लिंगाचं म्हणाल तर विशेषण एकटं वापरलं की ते गाळलेल्या नामाचं लिंग घेतं. चतुर्थीच्या दिवसांत मडगाव स्टेशनवर कान द्या, 'स्पेशल आली काय?', 'कुठली येते, अजून रत्नागिरीच सोडली नाही तिने', कारण मागे गाडी आहे. हॉटेलात 'दोन स्पेशल सांगितल्या' म्हणजे थाळ्या, 'दोन स्पेशल सांगितले' म्हणजे चहा, वेटर बरोबर ओळखतो. स्टँडअपच्या स्पेशलमागे शो किंवा कार्यक्रम आहे, दोन्ही पुल्लिंगी, म्हणून नवा स्पेशल.

'नवं' म्हणणारेही खूप आहेत, परका शब्द दिसला की नपुंसकात टाकायची आपली सवयच आहे, एकवचनात ते खपूनही जातं. पण अनेकवचन करून बघा. जॉर्ज कार्लिनचे एचबीओवर १४ स्पेशल झाले, हे वाक्य सरळ जातं, आणि 'कार्लिनची १४ स्पेशलं झाली' म्हटलं की काहीतरी भलतंच वाटतं, निदान मला तरी. असं अनेकवचन मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, 'नवं' म्हणणारेसुद्धा तिथे गुपचूप 'तीन स्पेशल बघितले' म्हणतात.

विभक्ती लागली की भांडणच मिटतं, 'वीर दासच्या स्पेशलला २०२३ मध्ये इंटरनॅशनल एमी मिळालं' यात स्पेशलचं लिंग कुठे दिसतंय? (एमी मिळालं की मिळाला ते आज नको.) काहीजण 'नवीन स्पेशल' लिहून वाट काढतात, नवीन तिन्ही लिंगांत सारखंच राहतं म्हणून, पण पुढे क्रियापद पकडतंच: बघितला, बघितलं की बघितली? तिथे बिनधास्त 'बघितला' लिहा, अदिती मित्तलचा असला तरी, कारण लिंग स्पेशलचं बघायचं, सादर करणाऱ्याचं नाही.