रिकाम्या स्टेडियममधील फुटबॉल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०२० च्या महासाथीत युरोपातील फुटबॉल लीग पुन्हा कशा सुरू झाल्या, याविषयीच्या आमच्या लेखावर मुंबई परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मे २०२० मध्ये आमची चाळ बंद होती, लोकल बंद होत्या, आणि टीव्हीवर मात्र जर्मनीतले सामने सुरू झाले. खेळाडूंच्या जिवापेक्षा पैसा मोठा ठरला, असाच याचा अर्थ नव्हे का?
— एक वाचक, परळ

उत्तर: पैसा हे मोठे कारण होते, हे मान्य केलेच पाहिजे. जर्मनीच्या पहिल्या दोन विभागांत मिळून ३६ क्लब आहेत आणि उरलेले सामने झाले नाहीत तर त्यांपैकी १३ क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येतील, असे वृत्त त्या वसंतात तेथील वृत्तपत्रांत आले होते. प्रक्षेपण हक्कांचा शेवटचा हप्ता सामने खेळल्याशिवाय मिळणार नव्हता. तिकिटांचे उत्पन्न आधीच बुडाले होते, आणि मोठ्या क्लबांचेही खर्चाचे गणित पुढच्या हप्त्याच्या भरवशावर मांडलेले होते.

परंतु केवळ पैशाच्या जोरावर १६ मे २०२० रोजी बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, पुन्हा सुरू झाली असती, असे मला वाटत नाही. पैसा इंग्लंड, स्पेन आणि इटलीतही तेवढाच अडकला होता, तरी स्पेनमध्ये ११ जूनला, इंग्लंडमध्ये १७ जूनला आणि इटलीत २० जूनला लीगचे सामने सुरू झाले. जर्मनी महिनाभर पुढे राहिली, कारण तेथे साथ तुलनेने आटोक्यात होती आणि राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या गटाने सरकारपुढे एक सविस्तर आराखडा ठेवला होता. खेळाडूंची नियमित पीसीआर चाचणी, पहिल्या सामन्यापूर्वी संपूर्ण संघाचे हॉटेलात विलगीकरण, आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या आत-बाहेर मिळून सुमारे ३०० माणसे, तीही तीन वेगवेगळ्या भागांत विभागलेली, असे त्याचे स्वरूप होते. सुरुवातीच्या १,७२४ चाचण्यांत १० जण बाधित आढळले. ६ मे रोजी चॅन्सेलर अँगेला मर्केल आणि राज्यांचे प्रमुख यांच्या बैठकीत परवानगी मिळाली.

आपला खरा सल चाचण्यांविषयी असावा आणि तो रास्त आहे. त्याच दिवसांत मुंबईत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चाचणी होत नसे, आणि तिकडे धडधाकट खेळाडूंच्या पुन्हापुन्हा चाचण्या होत होत्या. देशाच्या चाचणीक्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा आपल्याला लागेल, असे जर्मन लीगचे म्हणणे होते. ज्या देशात रुग्णाला चाचणीसाठी रांगेत थांबावे लागत नाही, तेथेच हा युक्तिवाद टिकतो. म्हणूनच जर्मनीचा निर्णय जर्मनीपुरता योग्य होता, असे मी म्हणेन. तो जसाच्या तसा उचलून मे महिन्यातल्या मुंबईत आणला असता, तर तो अन्यायच ठरला असता.

नियम कागदावरच राहिले नाहीत, याची एक नोंद येथे करतो. आउग्सबुर्गचे प्रशिक्षक हाइको हेरलिश विलगीकरणात असताना टूथपेस्ट आणण्यासाठी हॉटेलबाहेर पडले. त्यांनी स्वतःच ते सांगितले आणि वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या सामन्यात त्यांना संघासोबत राहता आले नाही. दुसऱ्या विभागातील डायनॅमो ड्रेस्डेनला फार मोठी किंमत मोजावी लागली. दोन नवे बाधित आढळल्यामुळे लीग सुरू होण्याच्या तोंडावर संपूर्ण संघ १४ दिवस विलगीकरणात गेला, नंतर साचलेले सामने त्यांना घाईघाईने खेळावे लागले, आणि हंगामाच्या शेवटी तळाला राहून तो तिसऱ्या विभागात गेला. पुन्हा सुरू झालेल्या लीगचा हिशेब मांडताना मला हा संघ विसरता येत नाही.

प्रश्न: फ्रान्स आणि नेदरलँड्सने हंगाम अर्ध्यातच सोडला. न खेळलेल्या सामन्यांचा निकाल लावणे कितपत न्याय्य होते?
— एक वाचिका, वसई

उत्तर: फ्रान्समध्ये हा निर्णय मुळात लीगने घेतलाच नव्हता. पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी २८ एप्रिलला संसदेत हंगाम पुन्हा सुरू होणार नसल्याचे सांगितले आणि दोनच दिवसांनी लीगने प्रति सामना सरासरी गुणांवर क्रमवारी ठरवून पॅरिस सेंट जर्मेनला विजेता घोषित केले. पॅरिसची आघाडी एवढी मोठी होती की विजेतेपदावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो खाली. सातव्या क्रमांकावर राहिलेल्या ल्योंचे पुढच्या हंगामातील युरोपीय स्पर्धांचे दार बंद झाले, आणि आमियां व तुलूझ हे संघ खेळण्याची संधीच न मिळता दुसऱ्या विभागात गेले. त्याच ल्योंने ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेत युव्हेंटस आणि मँचेस्टर सिटी यांना बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली, हे पाहिल्यावर त्यांची तक्रार निव्वळ रडगाणे नव्हती, हे पटते.

नेदरलँड्सने विजेताच घोषित केला नाही. अव्वल असलेल्या आयाक्स आणि एझेड या दोन क्लबांचे गुण समान होते, आणि कोणालाही बढती किंवा पदावनती द्यायची नाही असे ठरले. त्यामुळे दुसऱ्या विभागात अव्वल असलेल्या कँबूरचा वर येण्याचा हक्क बुडाला. हा मला फ्रेंच निर्णयाहूनही कठोर वाटतो, कारण ज्यांनी हंगामभर कमावले त्यांच्याच हाती काही लागले नाही.

आपल्याकडील आय-लीगही त्या एप्रिलमध्ये अर्ध्यावर थांबवण्यात आली. मात्र मोहन बागानने चार फेऱ्या शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले होते, आणि कोणालाही खाली न पाठवण्याचा निर्णय झाला. विजेतेपद मैदानावर ठरलेले असेल तेव्हाच ते द्यावे आणि पदावनती मात्र टाळावी, हीच रीत मला सर्वांत कमी अन्यायाची वाटते.

प्रश्न: मी मुलांचा छोटा संघ चालवतो. प्रेक्षक नसताना यजमान संघाचा फायदा खरोखर नाहीसा झाला का? आणि पुन्हा अशी वेळ आली, तर आमच्यासारख्यांनी या सगळ्यातून काय घ्यावे?
— एक प्रशिक्षक, माहीम

उत्तर: बुंडेसलीगाच्या पहिल्या फेरीत नऊ सामन्यांपैकी एकच सामना यजमानांनी जिंकला, तो डॉर्टमुंडने शाल्केविरुद्ध ४-० असा. त्या सामन्यात एर्लिंग हालांडने २९ व्या मिनिटाला गोल केला तेव्हा सहकारी गळ्यात पडण्याऐवजी अंतर राखून उभे राहिले, आणि एरवी सुमारे २५ हजार माणसांनी उसळणारा दक्षिणेकडचा स्टँड पूर्ण रिकामा होता. पुढच्या फेऱ्यांत चित्र इतके टोकाचे राहिले नाही, तरी यजमानांचे यश कमी झाल्याचे नंतरच्या अभ्यासांतही दिसले. त्याचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रेक्षकांचा गलका नसताना पंच पाहुण्या संघाला पूर्वीपेक्षा कमी पिवळी कार्डे दाखवत होते. आपल्या मुलांनाही हे जरूर सांगा, कारण पंचावर ओरडणारे पालक मुंबईच्या मैदानांवर कमी नाहीत.

व्यावसायिक संघांचे बंदिस्त जैवसुरक्षित वातावरण आपल्याला परवडणारे नाही. मुंबई सिटीने २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली ती संपूर्ण स्पर्धा गोव्यात, प्रेक्षकांविना खेळली गेली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून २-१ असा विजय मिळवून दिला, आणि ज्या शहराचा हा संघ, त्या शहरातील चाहत्यांना तो टीव्हीवर पाहावा लागला. महिनोन्‌महिने हॉटेले आणि चाचण्या यांचा खर्च पेलणारे मालक पाठीशी असतील, तरच हे जमते.

बिनखर्चाच्या गोष्टी मात्र नक्की उचला. मोठ्या संघांनीही सरावाची सुरुवात छोट्या गटांनी केली होती, तेव्हा मुलांचे पाच-सहा जणांचे कायम गट करा. एक आजारी पडला तर तेवढाच गट घरी बसेल. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी. ताप येऊन गेलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय धावायला लावू नका. सामने एकामागोमाग येणार म्हणून मे २०२० मध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना परवानगी मिळाली, आणि पुढे तो नियम कायमच झाला. आपल्या स्पर्धेतही तेवढे बदल मागून घ्या, कारण महिनोन्‌महिने घरात बसलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पूर्ण सामना खेळवणे योग्य नाही.