प्लॅस्टिकचा दिवा लागतो का?

प्रश्न : वायरीवर प्लॅस्टिक चढवतात ते शॉक बसू नये म्हणून. मग वीज दिली की उजेड देणारं प्लॅस्टिक असतं म्हणतात, ते खरं का? माझ्या मोबाइलचा ओलेड पडदा त्याचाच का? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी तुमचा मोबाइल उरकतो. नाही. त्या पडद्यात बहुतेक लहान रेणू असतात; निर्वातात तापवून, त्यांची वाफ करून थर बसवतात. पॉलिमरची, म्हणजे प्लॅस्टिकच्या रेणूची, लांब साखळी वाफ होण्याआधीच तुटते.

प्लॅस्टिकच्या उजेडाचं मात्र खरं आहे. वायरीवरच्या पीव्हीसीत कार्बनच्या साखळीतले बंध सगळे एकेरी, इलेक्ट्रॉन जागच्या जागी जखडलेले. एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून आले की काही इलेक्ट्रॉन साखळीभर फिरायला मोकळे होतात. एवढ्याने त्याचं तांबं होत नाही, अर्धवाहक होतो. एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसरीकडून ‘होल’ (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) सोडले, की दोघांची गाठ पडते तिथे उजेड. 1990 साली केंब्रिजमध्ये बरोज, ब्रॅडली, फ्रेंड या मंडळींनी पीपीव्ही नावाच्या पॉलिमरमधून हिरवट-पिवळा उजेड काढून दाखवला.

खरी गंमत पुढेच आहे. पीपीव्ही कशातच विरघळत नाही. मग त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचा कसा? त्यांनी विरघळणारं कच्चं पॉलिमर काचेवर पसरलं आणि नंतर तापवून जागेवरच त्याचं पीपीव्ही केलं. पापड आधी लाटायचा, मग भाजायचा, तसंच. पुढे साखळीला लवचीक शेपट्या जोडल्या आणि पॉलिमर थेट विरघळू लागलं. एमईएच-पीपीव्ही त्यातलंच.

ते मी विद्यार्थी असताना केलंय. म्हणजे, पहिल्यांदा बिघडवलंय. टीएचएफ नावाच्या द्रावकात मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे मणी, आणि त्यात पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड हा बेस (आम्लारी). रंग पिवळ्यावरून नारिंगी-लाल होत गेला, मी खूश होऊन उरलेला बेस एकदम ओतला. थोड्या वेळाने ढवळणारं चुंबक अडखळलं आणि थांबलंच. फ्लास्क उलटा धरला तर थेंब पडेना. लाल जेली! ती खरवडण्यात दोन दिवस गेले. दुसऱ्या खेपेला द्रावण पातळ ठेवलं, बेस थेंबथेंब सोडला. मिथेनॉलमध्ये ओतल्यावर शेंदरी-लाल धागे वर आले. ते अजून आठवतात.

त्यातलंच थोडं द्रावण एका बाटलीत खिडकीशी राहून गेलं. उन्हाने काही दिवसांत फिकट पिवळं पडलं. प्रकाश आणि ऑक्सिजन मिळून दुहेरी बंधच तोडतात. म्हणून हे दिवे हवाबंद करावे लागतात. उलट दिशेने, म्हणजे प्रकाशातून वीज काढणारे पॉलिमरचे सौरघटही आहेत, पण टिकाऊपणाचं रडगाणं तिथेही तेच. घराच्या छपरावर सध्या सिलिकॉनच बसवा.

या घराण्यातलं काही डोळ्यांनी पाहायचं असेल तर ओळखीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना पॉलिअ‍ॅनिलीन करून दाखवायला सांगा. अ‍ॅनिलीन, हायड्रोक्लोरिक आम्ल, अमोनियम परसल्फेट, भोवती बर्फ. अ‍ॅनिलीन विषारी, तेव्हा फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि हातमोजे हवेतच. गडद हिरवा थर काचेवर बसतो, वीज वाहून नेतो. तोच अमोनियाच्या वाफेवर धरला की निळा पडतो आणि वीज अडवतो. आम्लात बुडवला की पुन्हा हिरवा. दिवा मात्र त्याचा लागत नाही.