देश ‘दिवाळखोर’ की ‘नादार’?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. श्रीलंकेच्या आर्थिक संकटावर टिपण काढताना त्यांनी लिहिलं: ‘5 जुलै 2022 रोजी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी संसदेत सांगितले की, आपण दिवाळखोर देश म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी वाटाघाटी करत आहोत.’ क्लासच्या सरांनी ‘दिवाळखोर’वर लाल रेघ मारली आणि वर ‘नादार’ लिहिलं. शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, दोन्ही नको, ‘डबघाईला आलेला’ म्हण. तिघांत बरोबर कोण, आणि मुळात देशाला यांतला एखादा शब्द लागू पडतो का?

आधी निकाल सांगून टाकतो. सरांची रेघ योग्य जागी पडली आहे. मैत्रिणीचा शब्द चांगला आहे, पण तो वर्षभर आधी वापरायला हवा होता. माझ्यावर वेळ आली असती तर मी ‘दिवाळे निघालेला देश’ असं लिहिलं असतं. आता कारणं.

‘दिवाळखोर’मधला तापदायक भाग म्हणजे ‘खोर’. हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो कुणाकुणाला चिकटलाय ते बघा: लाचखोर, नफेखोर, चहाडखोर, भांडखोर, हरामखोर. या यादीत एकही सज्जन नाही. ‘खोर’ लागला की एखाद्या प्रसंगाची खोड होते. एकदा भांडला तो भांडला. भांडखोर म्हणायला त्याचा तो स्वभावच असावा लागतो. त्यामुळे ‘दिवाळखोर’ म्हटल्यावर पैसे संपले एवढंच कानावर येत नाही. हा दुसऱ्याचे पैसे बुडवणारच, असा एक ठपकाही सोबत येतो.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर शाहूपुरीत गुळाच्या पेढ्यांवर थोडा वेळ काढा. तिथं कीर्द लिहिण्यात हयात गेलेल्या एका काकांकडून मी ऐकलेलं देतो. विषय होता बंद पडलेल्या एका अडतीचा. “त्येनं कुनाचं पैसं खाल्लं न्हाईत. दोन सालं गुळाला दर न्हाई, शेतकऱ्यास्नी उचली दिल्या त्या अंगावर आल्या. दिवाळं निघालं बिचाऱ्याचं.” शेजारचा पोरगा म्हणाला, “म्हंजे दिवाळखोरच की ओ काका.” काका चिडले. “दिवाळखोर त्यो पल्याडचा! तीनदा पेढीचं नाव बदलून बसलाय.” व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्ययाचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही. दिवाळं निघतं, म्हणजे माणसावर येतं. दिवाळखोर माणूस ते काढतो. ‘दिवाळं निघालं’ आणि ‘दिवाळं काढलं’ या दोन क्रियापदांतही तेच अंतर आहे. ‘दिवाळं वाजलं’ म्हटलं की त्यात गावभर बोभाटाही आला.

‘दिवाळे’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. दिव्याशी नातं जोडणारी एक गोष्ट मात्र पश्चिम भारतात जुनी आहे. व्यापारी डबघाईला आला की भरदिवसा पेढीत दिवा लावून ठेवायचा आणि स्वतः काही दिवस गायब व्हायचा. दिवा दिसला की ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी समजायचं ते समजायचं. मग हिशेब मांडला जायचा, जे उरलं असेल ते वाटलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी शब्दसंग्रहांतही ही चाल नोंदवलेली आहे. ‘काय दिवे लावलेत!’ हा टोमणा त्यातूनच आला असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांच्याकडे पुरावा मागितला की ते चहा मागवतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, गोष्टीत एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे: दिवा व्यापारी स्वतः लावतो. आपली अवस्था त्याला स्वतःलाच जाहीर करायची असते. विक्रमसिंघ्यांच्या वाक्याकडे येताना हे उपयोगी पडेल.

आता सरांचा ‘नादार’. हाही फारसी. जमीनदार, दुकानदार, इनामदार यांतला ‘दार’ म्हणजे बाळगणारा. त्याच्याआधी ‘ना’ लावला की ज्याच्याकडे काही नाही तो. यात शिवी नाही, आरोप नाही, फक्त रिकामा खिसा आहे. म्हणूनच शाळेत गरीब मुलांना फी माफ व्हायची तिला ‘नादारी’ म्हणत. आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘मी नादारीवर शिकलो’ असं ताठ मानेनं सांगतात. त्या जागी ‘दिवाळखोरीवर शिकलो’ म्हणून बघा.

कायद्यानंही हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. 2016 च्या कायद्याचं मराठीत रूढ नाव ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’. एका नावात दोन शब्द का, असं वाटेल. देणी फेडण्याची ऐपत नसणं ही नादारी, म्हणजे अवस्था. व्यक्तीच्या बाबतीत त्यातून तोडगा निघाला नाही, तर अधिकृत आदेशानं बसणारा शिक्का म्हणजे दिवाळखोरी. कंपनीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढं जातं आणि तिथंही तोडगा निघाला नाही तर मालमत्ता विकून देणी भागवली जातात. देशाच्या बाबतीत असा शिक्का मारणारं न्यायालय जगात कुठंही नाही. देशाचा लिलाव होत नाही, मालमत्ता विकून देणी भागवणारा अवसायक नेमला जात नाही. धनको आणि ऋणको टेबलाशी बसतात आणि कर्जाची फेररचना करतात. तेव्हा कायद्याच्या कसोटीवर देश ‘दिवाळखोर’ ठरूच शकत नाही. ‘नादार’ मात्र असू शकतो, कारण ती अवस्था आहे आणि अवस्थेला शिक्का लागत नाही.

श्रीलंकेचा घटनाक्रम लावला तर आपले एकेक शब्द आपोआप जागेवर बसतात. 2019 च्या अखेरीस तिथल्या सरकारनं कर एकदम उतरवले. मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 वर आला. पाठोपाठ कोविडनं पर्यटन बसवलं. 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली आणि पिकं गेल्यावर त्याच वर्षी मागं घेतली गेली. (एका रात्रीत युरिया बंद, हे चित्र पंचगंगेच्या काठच्या ऊसवाल्यांना समजावून सांगावं लागणार नाही.) इथवर मैत्रिणीची ‘डबघाई’. डबघाईला आलेला अजून सावरू शकतो, हे त्या शब्दात गृहीत आहे. 12 एप्रिल 2022 ला सरकारनं जाहीर केलं की परदेशी कर्जाची परतफेड आम्ही थांबवतोय. याला आपल्याकडं ‘हात वर केले’ म्हणतात. 7 कोटी 80 लाख डॉलरच्या व्याजाची 30 दिवसांची वाढीव मुदत मे महिन्यात उलटून गेली आणि 1948 मध्ये स्वतंत्र झाल्यापासून पहिल्यांदाच तो देश थकबाकीदार झाला. 12 मे रोजी पंतप्रधान झालेल्या विक्रमसिंघ्यांकडं काही दिवसांत अर्थखातंही आलं. 22 जूनला त्यांनी संसदेत अर्थव्यवस्था पुरती कोसळल्याचं सांगितलं. एकट्या सिलोन पेट्रोलियम महामंडळाचं देणं 70 कोटी डॉलर होतं. 5 जुलैचं आपलं वाक्य त्यानंतरचं.

त्या वाक्याचा संदर्भ महत्त्वाचा. विक्रमसिंघे म्हणाले, पूर्वीही नाणेनिधीशी बोलणी झाली होती, पण तेव्हा आपण विकसनशील देश म्हणून बोलत होतो. आता स्थिती वेगळी आहे, म्हणून कर्ज कसं फेडता येईल याचा आराखडा आधी वेगळा द्यावा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. कार्यपद्धती का लांबतेय याचा तो खुलासा होता. स्वतःच्या देशाला चारित्र्याचा दाखला देणं हा काही त्यांचा हेतू नव्हता. दिवसा दिवा लावण्याचा प्रकार होता तो. त्यामुळे भाषांतरात ‘खोर’ आला की न केलेला आरोप त्यांच्या तोंडी जातो. ‘दिवाळे निघालेला देश’मध्ये वाक्याचा कडकपणा राहतो आणि ठपका गळतो. ‘नादार’ अर्थानं अचूक, फक्त जरा मवाळ. भर सभागृहात दिलेल्या कबुलीला तो थोडा कमी पडतो असं माझं मत. सरांचं वेगळं असू शकतं आणि परीक्षेत मार्क देणारे ते आहेत.

मंत्र्याच्या तोंडून असा शब्द सहसा का येत नाही, याला सभागृहातल्या प्रश्नोत्तरांची भाषाही कारण आहे. आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नांचा साचा पाहिलाय का? ‘(1) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ या साच्यात कुणी ‘राज्य दिवाळखोरीत निघाले, हे खरे आहे काय’ असं विचारलं तर मंत्र्यांचं काम फत्ते. उत्तर: ‘(1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.’ दोन ओळींत सुटका. त्याऐवजी ‘ठेकेदारांची देयके थकली आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, किती’ असं विचारलं तर निदान ‘अंशतः खरे आहे’ तरी लिहावं लागतं आणि मागोमाग आकडा येतो. लोकसभेच्या नियम 41 मध्ये तर प्रश्नात युक्तिवाद, अनुमानं, उपरोध आणि विशेषणबाजी नसावी असंच सांगितलंय. ‘दिवाळखोर’ म्हणजे अनुमान आणि विशेषण दोन्ही एकदम! भाषणात त्यावर टाळ्या मिळतील, प्रश्नात मात्र तो विचारणाऱ्याचाच घात करतो.

भारतानं 1991 मध्ये हे वाक्य उच्चारायची वेळ येऊ दिली नाही, पण जवळ गेला होता. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. तेव्हा सोनं बाहेर गेलं आणि ‘देशाचं सोनं गहाण टाकलं’ हे वाक्य घराघरांत पोचलं. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, सोनं घेऊन जाणाऱ्या बायकांना त्याचा अर्थ अर्थतज्ज्ञांआधी कळला असणार. पण काटेकोर बोलायचं तर ते दोन वेगळे व्यवहार होते. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोनं स्विस बँकेला विकलं गेलं, परत विकत घेण्याच्या हक्कासह. आपल्या दस्तांच्या भाषेत ही ‘मुदतखरेदी’. गावाकडं जमिनीच्या मुदतखरेदीत खत विक्रीचं होतं, ताबाही जातो, आणि मुदतीत पैसे दिले तर जमीन परत. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं परदेशी ठेवून 40 कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उभं केलं. ते खरं ‘तारण’. सगळ्याला सरसकट ‘गहाण’ म्हणणं बोलण्यात चालून जातं. टिपणात लिहाल तर दोन्ही वेगळे लिहा. त्या वेळी संसदेत आणि वर्तमानपत्रांत ‘व्यवहारतोलाचे संकट’, म्हणजे परदेशांशी असलेल्या देण्याघेण्याचा तोल बिघडणं, हा शब्द चालला. ‘दिवाळे’ टाळला गेला आणि हप्ते चुकले नसल्यानं तो टाळणं योग्यच होतं.

शेवटच्या वाक्यातला ‘चुकले’ मी मुद्दाम ठेवला, कारण तुमच्या टिपणात पुढं एक ओळ आहे: ‘श्रीलंकेने कर्ज चुकवले नाही.’ सरांची लाल रेघ इथं पडायला हवी होती, ती पडलेली नाही. हिंदीत कर्ज चुकवणं म्हणजे फेडणं. मराठीत चुकवणं म्हणजे टाळणं: कर चुकवणारा, नजर चुकवणारा, शाळा चुकवणारा. मग तुमच्या ओळीचा मराठीत अर्थ होतो, श्रीलंकेनं कर्ज टाळलं नाही, म्हणजे इमानदारीनं फेडलं! नेमकं उलटं. मराठीत फेडण्याच्या अर्थानं ‘चुकते करणे’ आहे, ‘दुकानदाराचं बिल चुकतं केलं’ असं आपण म्हणतोच. पण ‘चुकवणे’ तिकडं नेऊ नये. ‘कर्जाचे हप्ते फेडता आले नाहीत’ असं सरळ लिहा.