मदत मागायला गेलो तर लेकराला घेऊन जातील का?

पुण्यातल्या पर्वती, जनता वसाहत, दांडेकर पूल, ताडीवाला रोड, कुठल्याही वस्तीतून माझ्याकडे येणाऱ्या आज्या, मावश्या, एकट्या आया शेवटी एकच प्रश्न विचारतात. उठता उठता, आवाज खाली करून विचारतात. "सरकारी ऑफिसात नाव गेलं तर पोराला होस्टेलमध्ये टाकतील का हो?" या भीतीपोटी किती मुलांची हक्काची मदत राहून जाते ते मी रोज बघते, म्हणून आज एका आजी-नातवाबद्दल लिहितेय, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

आजी परभणीकडच्या, इथे चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी वारली, जावयाचा पत्ता नाही, म्हणून बारा वर्षांच्या नातवाला त्या पुण्याला घेऊन आल्या. त्याला त्या दाद्या म्हणायच्या. माझ्याकडे आल्या त्या दाद्याच्या पोटदुखीसाठी. ससून रुग्णालयात दाखवून झालं होतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि पोरगं शाळेतच नव्हतं, कारण एका शाळेने गावाकडच्या शाळेचा दाखला मागितला होता आणि गावची शाळा म्हणत होती पालकांनी स्वतः येऊन न्या. कोणीतरी आजींना बालसंगोपन योजनेबद्दल, म्हणजे अशा मुलांना घरीच वाढवायला दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल, सांगितलं तर तिथे बोनाफाईड लागतं असं कळलं, बोनाफाईडला शाळा लागते, शाळेला दाखला लागतो, म्हणजे गोल गोल फिरायचं. प्रत्येक फेरीला कामावर खाडा, दोघांचं पीएमपीचं तिकीट, आणि हातात एक नवीन चिठ्ठी की अमुक ऑफिसला जा.

"हापिसात जायचं म्हटलं की ह्याचं पोट दुखतंय बघा," आजी म्हणाल्या, "नाटकं करतंय लेकरू."

मला ते नाटक वाटलं नाही. मी मुलाकडे नुसतं मूल म्हणून बघत नाही, त्याच्या भोवतीच्या माणसांसकट बघते, माझी कामाची बैठकच ती आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी फार नीट मांडलंय की घर कसं, शाळा कशी एवढ्यावर मुलाची वाढ ठरत नाही, घर आणि शाळा एकमेकांशी बोलतात का यावरही ठरते. त्यामुळे पोट का दुखतं यापेक्षा कुठे जायच्या आधी दुखतं हे मी विचारत राहिले.

काही भेटी दाद्या बोललाच नाही. मग एकदा आजी बाहेर चहाला गेल्या असताना मी सहज म्हटलं, "त्या ऑफिसांत काय होतं रे नक्की?"

"काही नाही."

"तुला कोणी रागावलं का?"

"नाही." मग बराच वेळ गप्प. आणि मग एकदम, भराभर, "सगळे विचारतात आईला काय झालं. आजी सगळं सांगती. मागं लाईन असती, सगळे ऐकतात. मग दुसरीकडं पाठवतात, तिथं परत विचारतात."

मी म्हटलं, "मग तुला काय हवंय?"

"एकदाच सांगायचं. परत परत नाही."

त्या एका वाक्याने माझ्यासाठी सगळं प्रकरण उलगडलं, आणि आजही कुठे बोलायला बोलावलं की मी हेच वाक्य सांगते. आम्ही मोठी माणसं विभागांचा समन्वय म्हणतो, बैठका घेतो, पत्रव्यवहार करतो, पण मुलाच्या बाजूने बघितलं तर समन्वय म्हणजे त्याला आपलं दुःख एकदाच सांगावं लागणं. प्रत्येक खिडकीपाशी त्या पोराची आई नव्याने मरत होती आणि आपण त्याला कागदपत्रांची पूर्तता म्हणत होतो.

मग आम्ही दोघांनी मिळून एक पान लिहिलं. काय लिहायचं ते दाद्याने ठरवलं. मी आजीजवळ राहतो. आई वारली. बाबा कुठे आहेत माहीत नाही. मला शाळेत जायचंय. आई कशी वारली ते लिहू का विचारलं तर म्हणाला, "नाही. ज्याला खरंच लागेल त्याला आजी आत खोलीत सांगेल, मी बाहेर बसेन." बारा वर्षांच्या पोराने इतकी स्पष्ट हद्द आखली याचं मला फार कौतुक वाटलं. ती मी इथेही पाळणार आहे. त्या दिवशी तो जाताना पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला की पुढच्या वेळी मी एकटा येऊ का.

पुढचं काम मग पटकन झालं. महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्या आणि वस्तीतल्या अंगणवाडी ताई, या तिघींना एका वेळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसवलं. तिघी चांगल्या, तिघी आपापलं काम करणाऱ्या, पण या मुलाबद्दल एकमेकींशी कधी बोललेल्या नव्हत्या. मुख्याध्यापिका बाईंनी पान वाचलं आणि तिथूनच गावच्या शाळेला फोन लावला. दाखला मागाहून येऊ दे म्हणाल्या, आणि वयाप्रमाणे सहावीत बसवलं. हे काही उपकार नव्हते बरं का, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे की दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला 6 ते 14 वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश झाला तसं बोनाफाईड मिळालं, आणि योजनेचा अर्ज सुटला.

आता आजींच्या भीतीबद्दल, कारण तीच सगळ्यांची भीती आहे. अर्जावर बाल कल्याण समिती, म्हणजे मूल कोणाकडे राहील हे ठरवणारी सरकारी समिती, निर्णय घेणार हे ऐकून त्या मागे फिरायला निघाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळतात ते मूल घरातच वाढावं म्हणून. कोणी घरी चौकशीला आलं तर घर किती मोठं आहे याची लाज बाळगू नका, मूल तिथे कोणाच्या मायेत आहे हे दाखवा. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आजी यावर म्हणाल्या, "मग हे पयल्या दिवशीच कोन सांगितलं नाही?" बरोबर होतं त्यांचं. राज्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, तरी वस्तीतल्या बाईपर्यंत एवढं साधं वाक्य पोचायला दोन-तीन ऑफिसं ओलांडावी लागतात, हे मला मनापासून खटकतं.

तुमच्याही घरी असं मूल असेल तर आधी त्याच्याबरोबर ते एक पान तयार करा आणि झेरॉक्स काढून ठेवा. काय सांगायचं नाही हेही त्यालाच ठरवू द्या, पण एक गोष्ट वेगळी, लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचं वचन देऊ नका, मुलाला आधीच खरं सांगा. ऑफिसात गेलात तर सरळ म्हणा, मुलासमोर विचारू नका, तो बाहेर बसेल. कोणाला भेटलात त्यांचं नाव आणि तारीख पानामागे लिहा. पुढे पाठवलं तर तिथल्या माणसाला आत्ता फोन करता का, हे विचारायला लाजू नका, एका फोनने तुमचा एक खाडा वाचतो. काहीच सुचलं नाही, किंवा मूल धोक्यात असलं, तर 1098 ही मुलांची हेल्पलाईन लावा, फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

हे पान मी आता प्रत्येक कुटुंबाकडून करून घेते. काही कार्यकर्त्यांनीही ते उचललंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

दाद्याच्या योजनेचे पैसे सुरू व्हायला बरेच महिने गेले, ते पटकन होतं असं मी कोणालाच सांगणार नाही. शाळा मात्र थांबली नाही. पोट अजून कधीतरी दुखतं, विशेषतः घरून सही आणा म्हटलं की. वर्गशिक्षिकेशी बोललो आम्ही, त्या म्हणाल्या आजींचा अंगठा चालेल, आणि वहीत तशी नोंद करून ठेवली.