सहीच्या वरचा मजकूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सनद घेऊन तू बेळगावच्या कोर्टात उभी राहिलीस याचा आनंद भेटीत बोलून दाखवीन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र भेटीपर्यंत थांबण्यासारखं नाही. खानापूरकडच्या तुझ्या अशिलाने पोलिसांपुढे खून कबूल केला, कागदावर सही केली, मग आता लढायला काय उरलं, असं तू विचारतेस.

पुष्कळ उरलंय. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही आहे. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद 20(3) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडण्यास मनाई केली आहे. या हक्काला मर्यादा आहेत, त्या आधीच समजून घे. कथी कालू ओघड खटल्यात 1961 साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. तेव्हा ठशांवर हरकत घेऊन वेळ दवडू नकोस. आरोपीच्या डोक्यातली माहिती जबरीने काढणं ही वेगळी गोष्ट. आपल्याच कर्नाटकातून गेलेल्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही असं बजावलं.

आता खरी मेख. कलम 23 ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यातलं कलम 27 ते हेच. बहुतेक खुनाच्या खटल्यांत सरकारी पक्षाची सगळी भिस्त यावर असते. ‘गोठ्यामागच्या गंजीत कोयता ठेवलाय, चला दाखवतो’ हे चालतं; ‘त्याच कोयत्यानं मारला’ हे चालत नाही. ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय म्हणजे प्रिव्ही कौन्सिल; त्याने 1946 साली आखलेली ही रेघ अजून पक्की आहे.

मग तुझा अशील नेमकं काय म्हणाला? सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, पुन्हा कर्नाटकातल्याच एका खटल्यात, आरोपीच्या तोंडचे नेमके शब्द पंचनाम्याच्या पहिल्या भागात यायला हवेत असं सांगितलं. तुझा माणूस घरी, शेतात, बाजारात मराठीच बोलतो. बोलला मराठीत, हवालदाराने लिहिलं कन्नडमध्ये, आणि अपील धारवाडच्या खंडपीठापुढे गेलं की तेच इंग्रजीत जाईल. ‘ठेवलाय’ म्हणाला, ‘टाकलाय’ म्हणाला, की ‘तिथं असेल’ म्हणाला? पहिल्या दोन्हींतून त्याचा स्वतःचा हात दिसतो, तिसऱ्यात फक्त त्याला ठाऊक होतं एवढंच. एका क्रियापदावर माणूस जन्मठेपेला जाऊ शकतो. म्हणून तपास अधिकाऱ्याला उलटतपासात विचार: आरोपी कोणत्या भाषेत बोलला, भाषांतर कुणी केलं, ते करणाऱ्याची सही कुठे आहे, साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव का नाही?

पंचांचंही तसंच. माझ्या एका खटल्यातला पंचनामा अजून डोळ्यांपुढे आहे. अडीच पानं कन्नड मजकूर, दाटीवाटीने लिहिलेला, आणि खाली डाव्या कोपऱ्यात देवनागरीत वळणदार सही. पंच होता गावातलाच शिंपी. पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा मी कागद त्याच्या हातात दिला आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. त्याने कागद जरा लांब धरला, जवळ आणला, मग म्हणाला, “वाचायला येत नाही की. साहेब म्हणाले सही कर, केली की.”

एवढ्यावर सुटलो असं समजू नकोस. पंचनामा हा मूळ पुरावा नव्हे. पंचाने डोळ्यांनी काय पाहिलं ते त्याने कोर्टात सांगणं हा पुरावा. पंच फितूर झाला तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायाधीश ती धरू शकतात. म्हणून पंचाला वाचता येत नाही इथे उलटतपास संपत नाही, तिथून तो सुरू होतो.

आता तुझ्या हातात एक साधन आहे, जे आम्हाला नव्हतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, आवाजासकट, करावंच लागतं आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं. पंचनामा वाचून दाखवला का, मराठीत समजावून सांगितला का, हे आता ऐकता येतं. दोषारोपपत्रासोबत ते चित्रीकरण मागून घे. नसेल तर का नाही, हे लेखी विचार.

अटकेचा कागदही तपास. अनुच्छेद 22 ने अटकेची कारणं कळण्याचा आणि पसंतीच्या वकिलाचा हक्क दिलाय. कारणं कळवायची म्हणजे त्या माणसाला समजतील अशी. स्थानबद्धतेच्या एका प्रकरणात संविधान पीठाने हे 1962 सालीच सांगितलं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच गुन्ह्यांतल्या अटकांसाठी ते स्पष्ट केलं: कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. निपाणी, खानापूर, चिकोडीतल्या आपल्या माणसांसाठी या निकालाचं मोल फार मोठं आहे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तुझ्या अशिलाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि हा हक्क त्याला आजच आहे. खटल्यातही, साक्ष त्याला न कळणाऱ्या भाषेत चालली असेल तर ती समजावून देणं संहितेच्या कलम 314 ने कोर्टावर बंधनकारक केलंय. मागताना संकोच करू नकोस.

एका गोष्टीपासून सावध. झडती बेकायदा म्हणून सापडलेली वस्तू आपोआप बाद, असा आपला कायदा नाही. कितीतरी वर्षांपासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी की पुरावा संबद्ध असेल तर तो बेकायदा मार्गाने मिळाला एवढ्यावरून नाकारला जात नाही. गांजाच्या खटल्यात अंगझडती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आरोपीला सांगावाच लागतो, आणि न सांगितल्यास त्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. चोर्ला घाटातून येणाऱ्या गोव्याच्या दारूच्या केसेस तुझ्याकडे बऱ्याच येतील. हा नियम अमली पदार्थांच्या कायद्यातला; दारूला तो लावू पाहशील तर न्यायाधीश तिथल्या तिथे थांबवतील.

आणि कन्नड वाचायला नीट शीक, हाताने लिहिलेलं कन्नडसुद्धा. अशिलाची भाषा तुला येते म्हणून तो तुझ्याकडे आला; त्याच्याविरुद्ध काय लिहिलंय ते वाचणारंही त्याला कुणीतरी हवं.

हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन त्याला भेट. कबुलीबद्दल आधी विचारू नकोस. त्या दिवशी कोण काय बोललं, कुठल्या भाषेत बोललं, कागद कुणी वाचून दाखवला, तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून घे. रविवारी ते आणि पंचनाम्याची प्रत घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून वाचू.

तुझा,
काका