सोंग म्हणावे, विडंबन नव्हे

डिस्कोच्या काळातील गाजलेले गाणे कोणी मुद्दाम भडक वेशात आणि नखरेल हावभावांनी पुन्हा गाते, तेव्हा त्यास ‘विडंबन’ म्हणावे काय, आणि ते इतके का आवडते, असे एका वाचकाने विचारले आहे. विडंबन मुळीच म्हणू नये. कोल्हापुरात गणेशोत्सवातील निवेदक हा शब्द सर्रास वापरतात आणि दर वेळी तो कानाला खटकतो. विडंबनाचा रोख मूळ रचनेच्या वैगुण्यावर असतो. केशवकुमारांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’मधून तत्कालीन कवींच्या लकबींवर नेम धरला, ते विडंबन. येथे मात्र गाणाऱ्याचा मूळ गाण्यावर जीव असतो.

योग्य शब्द घरचाच आहे: सोंग. तो संस्कृत ‘स्वाङ्ग’पासून आला असे मी मानतो आणि हिंदीतील ‘स्वांग’ माझ्या बाजूने साक्ष देतो. रूप दुसऱ्याचे, पण ते धारण करणारे अंग स्वतःचे, एवढा मोठा विचार या दोन अक्षरांत मावला आहे! कोशांत ‘सोंग’ या शब्दापुढे ‘ढोंग’ हा अर्थ बिनदिक्कत दिलेला आढळतो, तो मला अजिबात मान्य नाही. ढोंगी माणूस आपला मुखवटा लपवतो. सोंग आणणारा तो चारचौघांत मिरवतो आणि पाहणाऱ्याने ते सोंग म्हणून ओळखले नाही, तर सगळा खेळच फसतो. आपल्या कोल्हापूरचे गणपत पाटील पडद्यावर नाच्या उभा करीत, त्यात कोणाची फसवणूक होती? इरेझर या ब्रिटिश गायन-वादन जोडीने १९९२ मध्ये ॲबा या स्वीडिश पॉप गटाची चार गाणी नव्याने गायली आणि त्यांपैकी ‘टेक अ चान्स ऑन मी’च्या चित्रफितीत हे दोघे पुरुष ॲबाच्या गायिकांच्या वेशात अवतरले, तेही अस्सल सोंगच.

गेल्या वर्षी एका मंडळापुढे टिकल्यांचा सदरा घातलेल्या मुलाने असेच एक गाणे हलगीच्या साथीवर गायले. डिस्कोत मात्रेमात्रेला पडणारा ठोका हलगीवाल्याने अचूक धरला होता आणि मुलगा कंबर लचकवीत, डोळे मिचकावीत असतानाही वरचा सूर तसूभर ढळू देत नव्हता. लोक हसत होते ते नखऱ्याला आणि टाळ्या देत होते त्या सुराला. निवेदकाने त्यालाही विडंबन म्हटले. माझ्या शेजारी बसलेल्या आजी मात्र म्हणाल्या, “काय सोंग वठवलंय पोरानं!”